एक्स्प्लेनर : वर्गाबाहेर शिकवण्याचे करिअर, ‘आउटडोअर एज्युकेशन’साठी पदवीनंतर काय शिकायचे, कुठे आणि कोणत्या क्रमाने?

डोंगरकडा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) : गावाच्या नावात डोंगर आहे आणि कडाही आहे, शिवारात मात्र केळी आणि हळद. गिर्यारोहणाचे क्लब, ट्रेकिंगचे ग्रुप, शनिवार-रविवारची किल्ले भटकंती हे सगळे पुणे, मुंबई, नाशिककडचे. नांदेड-हिंगोली पट्ट्यातल्या पदवीधर मुलामुलींसमोरचे रस्ते ठरलेले आहेत. पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा, बीएड, नाहीतर पुण्यातली कंपनी. या यादीत ‘आउटडोअर एज्युकेटर’ हा शब्द सहसा येत नाही.

निवासी आणि आंतरराष्ट्रीय शाळांच्या नोकरीच्या जाहिरातींत मात्र तो दिसतो. नव्या शैक्षणिक धोरणातही ‘अनुभवातून शिक्षण’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. या कामासाठी परदेशात चक्क पदव्युत्तर पदवी मिळते. ती घ्यावी का, भारतात तिला पर्याय काय, आणि कर्ज काढण्याआधी कोणत्या गोष्टी स्वस्तात करून पाहता येतात, हे समजून घेऊ.

ट्रेक लीडर आणि आउटडोअर एज्युकेटर यात फरक काय?

ट्रेक लीडरचे काम माणसांना सुखरूप वर नेऊन सुखरूप खाली आणणे. आउटडोअर एज्युकेटरला तेही करावे लागते, पण त्याची खरी परीक्षा खाली आल्यावर सुरू होते. मुले काय शिकली? जे घडले त्यातून त्यांनी कोणता अर्थ काढला? पुढच्या वेळी ती काय वेगळे करतील? हे प्रश्न योग्य वेळी विचारणे आणि उत्तर स्वतः न देणे, हे त्याचे कौशल्य.

अमेरिकी अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये या प्रक्रियेचे चार टप्प्यांचे चक्र मांडले. आधी प्रत्यक्ष अनुभव, मग त्याकडे मागे वळून पाहणे, त्यातून नियम शोधणे, आणि तो नियम नव्या ठिकाणी वापरून पाहणे. पुस्तकात हे कोरडे वाटते. हळदीच्या शिवारात ते लगेच कळते.

सातवीच्या मुलांना हळद काढणीच्या दिवसांत शेतावर नेले. ओल्या हळदीचे वजन केले, ती कुकरमध्ये शिजताना पाहिली, वाळवणाला पसरली आणि काही दिवसांनी पुन्हा वजन केले. शंभर किलो ओल्या हळदीतून साधारण वीस ते पंचवीस किलोच वाळलेली हळद हाती येते. बाकीचे वजन गेले कुठे? शेजारच्या शेतातला उतारा वेगळा का? शिजवणे कमी पडले तर काय होते? इथे शेकडेवारी आली, बाष्पीभवन आले, बाजारभावही आला. फक्त शेत दाखवून मुलांना परत आणले तर ती सहल झाली. वजनकाटा, वही आणि नंतरची तासभराची चर्चा असेल तर ते शिक्षण झाले.

म्हणजे या क्षेत्राला डोंगर लागतोच असे नाही. दोर, कडे, कयाक ही त्यातली एक शाखा. शेत, नदी, कारखाना, बाजार ही दुसरी. नोकरीच्या बाजारात दोन्ही वेगवेगळ्या दरवाजांतून आत जातात, आणि अनेकांची गल्लत इथेच होते.

हे आले कुठून?

दोन ठिकाणांहून, आणि त्यातले एक आपल्याच राज्यातले आहे.

पहिली गोष्ट समुद्रावरची. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी हिटलरला उघड विरोध केला आणि १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची व्यापारी जहाजे बुडत होती. जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांना एक गोष्ट खटकत होती. लाइफबोटीत तरुण, धडधाकट खलाशी हाय खात होते आणि वयस्क खलाशी तग धरत होते. कमतरता ताकदीची नव्हती, अनुभवाची होती. हान आणि होल्ट यांनी मिळून १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे महिनाभराचे प्रशिक्षण सुरू केले. तेच ‘आउटवर्ड बाउंड’. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी खलाशी हा शब्द वापरत.

हान यांच्याच विचारातून १९६२ मध्ये वेल्समध्ये युनायटेड वर्ल्ड कॉलेज चळवळीचे पहिले महाविद्यालय सुरू झाले. त्या साखळीतले भारतातले महाविद्यालय १९९७ पासून पुण्याजवळ मुळशी भागात आहे.

दुसरी गोष्ट वर्ध्याची. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. हाताने करायच्या कामातूनच भाषा, गणित, विज्ञान शिकवावे ही ‘नई तालीम’ची कल्पना तिथे मांडली गेली आणि अभ्यासक्रमासाठी झाकिर हुसेन समिती नेमली गेली. सूतकताई हे त्यातले केवळ एक उदाहरण होते, पण लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा आजही हा धागा धरून आहे.

त्याच वाटेवर पुढे, पण वेगळ्या भाषेत, पाबळचा विज्ञान आश्रम उभा राहिला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतले संशोधकाचे काम सोडून १९८३ मध्ये शिरूर तालुक्यात तो सुरू केला. वेल्डिंग, बांधकाम, शेती-पशुपालन, वीज-ऊर्जा, घर-आरोग्य अशी कामे गावासाठी खरोखर करायची आणि त्यातून विज्ञान शिकायचे, अशी ही पद्धत. पुढे ती राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने पोहोचली. आश्रमातला एक वर्षाचा निवासी ग्रामीण तंत्रज्ञान पदविका अभ्यासक्रमही याच पद्धतीचा. इंजिनीअरिंग करून ज्यांना लेथ मशीन फक्त जर्नलमध्ये भेटले, त्यांनी पाबळला एकदा जाऊन यावे.

आत्ताच चर्चा का?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘दप्तराविना दहा दिवस’ सुचवले आहेत. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकायचे. त्याच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२४ मध्ये आल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. कागदावर जागा तयार झाली आहे. ती भरायला माणसे कुठून येणार, हा प्रश्न मात्र बहुतेक शाळांत आहे त्याच शिक्षकांवर येऊन थांबतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. सहली आणि शिबिरांतल्या अपघातांनंतर साहसी उपक्रमांवर नियमन असावे ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याच्या पर्यटन विभागाने जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणच्या साहसी उपक्रमांसाठी धोरण आणले. त्यात आयोजकांना नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि सुरक्षा साधने यांचे निकष घातले. ‘चार वर्षे ट्रेक केलेत, दोरी बांधता येते’ एवढ्यावर शाळेची मुले घेऊन जाणे आता परवडणारे नाही. प्रमाणपत्राला किंमत आली ती इथून.

आणि तिसरे, आयबी अभ्यासक्रमाच्या शाळा. त्यांच्या डिप्लोमात ‘सर्जनशीलता, कृती, सेवा’ हा भाग अनिवार्य असतो. तो सांभाळायला स्वतंत्र माणूस लागतो.

भारतात यात पदव्युत्तर पदवी मिळते का?

‘एमए इन आउटडोअर एज्युकेशन’ अशा नावाच्या मागे लागल्यास निराशा येईल. आपल्याकडे लोक या कामात प्रामुख्याने तीन विद्याशाखांतून येतात.

पहिली शिक्षणशास्त्राची. अझीम प्रेमजी विद्यापीठाचा दोन वर्षांचा एमए एज्युकेशन हा यातला ठळक पर्याय, बंगळुरू आणि भोपाळ या दोन ठिकाणी. कुटुंबाच्या उत्पन्नानुसार शुल्कात सवलत मिळत असल्याने कळमनुरीच्या शेतकऱ्याच्या मुलीलाही तो दूरचा नाही. अडचण इंग्रजीची येते. तिची तयारी वर्षभर आधी सुरू करावी.

दुसरी पर्यावरणाची. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आहे. अहमदाबादचे सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन १९८४ पासून शाळांसोबत काम करते. निसर्ग शिबिरे, पक्षीनिरीक्षण, नदी अभ्यास याकडे कल असेल तर ही वाट.

तिसरी शारीरिक शिक्षणाची, म्हणजे बीपीएड, एमपीएड. शाळेत कायम नोकरी मिळण्याच्या दृष्टीने ही जवळची. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर नागरी मोहीम नेली होती. तिच्याशी संलग्न गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासोबत गिर्यारोहणाची पदविकाही सुरू केली. मराठी मुलांसाठी ही सोयीची गोष्ट, कारण शिकवणारे आणि सह्याद्री दोन्ही ओळखीच्या भाषेतले.

एक गोष्ट स्पष्ट असावी. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत शिक्षक व्हायचे तर डीएलएड किंवा बीएड, टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल हीच वाट आहे. गिर्यारोहणाचे कितीही ‘ए ग्रेड’ असले तरी तिथे ते पात्रतेत धरले जात नाहीत.

दोर आणि बर्फाचे शिक्षण कुठे?

हे शिक्षण भारतात उत्तम आहे आणि सरकारी असल्याने तुलनेने स्वस्तही. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट एव्हरेस्टच्या पहिल्या यशानंतर १९५४ मध्ये सुरू झाली आणि तेनसिंग नोर्गे तिथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक होते. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग १९६५ ची. शिवाय मनाली आणि पहलगाम इथेही संस्था आहेत.

क्रम ठरलेला. आधी साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच तितक्याच कालावधीचा अ‍ॅडव्हान्स कोर्स. त्यातही ‘ए’ मिळवून पुढे ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’, म्हणजे शिकवायचे कसे याचा कोर्स. प्रशिक्षक व्हायचे तर हा तिसरा टप्पा महत्त्वाचा. बेसिकमध्ये ‘बी’ आला की वाट अडते, म्हणून तयारी न करता जाणे म्हणजे सुट्टी आणि शुल्क दोन्ही वाया घालवणे. पाठीवर पंधरा-वीस किलोचे ओझे घेऊन चढण्याचा सराव मैदानी भागातल्या मुलांना नसतो. पण पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळणाऱ्यांची निम्मी तयारी आधीच झालेली असते. उरते ते ओझे आणि चढ.

मुलींसाठी खास तुकड्याही असतात. जागा लवकर भरतात, त्यामुळे वर्षाचे वेळापत्रक जाहीर होताच अर्ज करावा लागतो. कॉलेजात एनसीसी केले असेल तर काही जागा त्या मार्गानेही मिळतात.

पाण्यावरच्या कामासाठी गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे जीवरक्षक आणि पॉवरबोट हाताळणीचे छोटे कोर्स होतात. पोहता येणे ही पहिली अट, आणि विहिरीत पोहणे शिकलेल्यांना ती जड जात नाही.

यात एक कागद असा आहे की ज्याकडे नवखे दुर्लक्ष करतात आणि मोठ्या संस्था सर्वांत आधी तोच विचारतात : ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’. दवाखाना तासाभराच्या अंतरावर नसेल तेव्हा जखमी माणसाला कसे सांभाळायचे, याचे हे आठ-दहा दिवसांचे प्रशिक्षण. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेचे हनिफल सेंटर त्यासाठी भारतात ओळखले जाते. त्याची छोटी आवृत्ती दोन दिवसांची असते. दोन्ही प्रमाणपत्रांना मुदत असते आणि ती संपली की पुन्हा परीक्षा.

परदेशी मास्टर्स : कोणासाठी?

एडिनबरा विद्यापीठाच्या मोरे हाउस शिक्षण विभागातला आउटडोअर एज्युकेशनचा एमएससी हा या विषयातला जुना आणि नावाजलेला अभ्यासक्रम, पूर्णवेळ केला तर एक वर्षाचा. अमेरिकेत मिनेसोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या मॅन्काटो इथल्या विभागात थेट ‘एक्सपिरिएन्शियल एज्युकेशन’ या नावाने एमएस आहे. नॉर्वेत तर ‘फ्रिलुफ्ट्सलिव्ह’, म्हणजे मोकळ्या हवेतले जगणे, ही विद्यापीठीय शिक्षणाची स्वतंत्र परंपरा आहे.

ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सला भारतात पूर्वी समकक्षतेची अडचण येई. जुलै २०२२ च्या भारत-ब्रिटन करारानंतर ती बरीच दूर झाली.

तरीही पदवी झाल्या झाल्या वीस-पंचवीस लाखांचे कर्ज काढून या विषयासाठी परदेशी जाणे हा बहुतेकांसाठी चुकीचा क्रम ठरेल. कारण साधे आहे. हे अभ्यासक्रम दोर बांधायला शिकवत नाहीत. शिकवण्यामागचा विचार, संशोधन, कार्यक्रमाची आखणी शिकवतात. ज्याच्या गाठीला मुलांसोबतचे दोन-तीन हंगाम आहेत, त्यालाच तिथे स्वतःचे प्रश्न घेऊन जाता येते. शिवाय भारतात परतल्यावर सुरुवातीच्या पगारात असे कर्ज फिटणे कठीण. परदेशी पदवीचा उपयोग होतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे शाळेत विभागप्रमुख, शिक्षक-प्रशिक्षक किंवा अभ्यासक्रम आखणारा म्हणून.

शिष्यवृत्ती मिळत असेल तर हिशेब बदलतो. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. आदिवासी, इतर मागास, भटके-विमुक्त आणि मराठा विद्यार्थ्यांसाठी संबंधित विभागांच्या व ‘सारथी’सारख्या संस्थांच्या योजना आहेत. विद्यापीठाची जागतिक क्रमवारी, वय, उत्पन्न आणि विद्याशाखा या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत तपासाव्या. अर्जात आउटडोअर एज्युकेशन हे ‘साहसी खेळ’ म्हणून नव्हे, तर शिक्षणशास्त्राची शाखा म्हणून मांडावे लागते. हा विषय विद्यापीठाच्या शिक्षण विभागात शिकवला जातो, याचा तिथे फायदा होतो.

काम कुठे, पैसे कसे?

कामाचे चार-पाच प्रकार आहेत. शाळांची शिबिरे घेणाऱ्या कंपन्या नवख्यांना सर्वांत सहज घेतात. काम हंगामी, मोबदला बहुधा दिवसावर, राहणे-जेवण कंपनीचे. परीक्षांच्या काळात हात रिकामे. दुसरे, निवासी व आंतरराष्ट्रीय शाळांतली कायम पदे. संख्येने कमी, पगार बरा, इंग्रजी अनिवार्य. तिसरे, कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीचे प्रशिक्षण. ताम्हिणी घाटातले ‘गरुडमाची’ हे ‘हाय प्लेसेस’चे केंद्र याचे मराठी उदाहरण. आयआयटीतून इंजिनीअर झालेले गिर्यारोहक व लेखक वसंत लिमये यांनी ते उभे केले. जमशेदपूरचे टाटा स्टील अ‍ॅडव्हेंचर फाउंडेशन १९८४ पासून आहे आणि बचेंद्री पाल यांनी ते घडवले. उरलेले काम स्वयंसेवी संस्थांत, फेलोशिपमध्ये, वन पर्यटनात.

पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न अनियमित असते आणि विमा स्वतःच पाहावा लागतो. गुडघा दुखावला तर हंगाम गेला. घरी हे सांगितल्यावर ‘यापेक्षा बीएड कर’ असे उत्तर येणार, आणि ते पूर्ण चुकीचेही नाही. बीएड आणि हंगामी शिबिरे एकत्र जमतात. उन्हाळी सुट्टी आणि शिबिरांचा हंगाम एकच असतो. मुलींच्या तुकड्यांसोबत महिला प्रशिक्षक हव्याच असतात. त्यामुळे प्रशिक्षित तरुणींना काम मिळण्याची शक्यता अधिक, अडथळा असतो तो घरून परवानगी मिळण्याचा.

डोंगरकड्यातून सुरुवात करता येईल?

शिकवण्याचा अनुभव जमवायला हिमालयापर्यंत जावे लागत नाही. कळमनुरी तालुक्यातच पैनगंगेवरचे इसापूर धरण आहे. पाण्याचा साठा, कालवे, हिवाळ्यातले पक्षी हा तिथला अभ्यास. औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरी शोधणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

आणि भूकंप. २१ मार्च २०२४ च्या पहाटे ४.५ तीव्रतेचा धक्का हिंगोली, नांदेड, परभणीत जाणवला. १० जुलैला पुन्हा तितक्याच तीव्रतेचा. केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याच्या परिसरात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांची चर्चा त्याआधीपासून आहे. ज्या मुलांच्या घरातली भांडी हलली, त्यांना भूगोलाच्या पुस्तकातला जपानचा भूकंप शिकवून थांबणे हे पाट्या टाकणे झाले. कोणत्या गावाला किती वाजता धक्का जाणवला, कोणत्या प्रकारच्या घराला तडे गेले, लोक कुठे पळाले, याचा नकाशा आठवीची मुले आठवड्याभरात करू शकतात. ‘आनंददायी शनिवार’च्या यादीत आपत्ती व्यवस्थापन आहेच.

अशा उपक्रमासाठी पदवीधराला लागते ते मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमतीपत्रे, प्रथमोपचार पेटी, सोबत एक शिक्षक आणि किमान दोन दिवसांचे प्रथमोपचार प्रशिक्षण. धरणाच्या पाण्यात मुलांना उतरवायचे नाही, काठावरही मोजून न्यायचे आणि मोजून आणायचे.

प्रत्येक उपक्रमाची नोंद ठेवावी. तारीख, ठिकाण, मुलांची संख्या, उद्देश, काय बिघडले, पुढे काय बदलले. या क्षेत्रात याला ‘लॉगबुक’ म्हणतात. शिबिर कंपनीची मुलाखत असो, अझीम प्रेमजी विद्यापीठाची असो की एडिनबराचा अर्ज, अशी वीस-पंचवीस पानांची वही सोबत असेल तर बोलायला विषय लागतो. ती इंग्रजीत नसली तरी चालते; एक पानाचा गोषवारा इंग्रजीत जोडावा आणि प्रत्येक नोंदीखाली शाळेचा शिक्का घ्यावा.